आईंची खुर्ची कुठे ठेवायची

हे लिहावे की नाही, या विचारात बरेच दिवस गेले, आणि आता लिहायला बसले आहे तरी आपण आगाऊपणा करत आहोत ही भावना काही गेलेली नाही. वाचकांनी मला क्षमा करावी. माझी सारी नोकरी दादरच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात इतिहास शिकवण्यात गेली. लिहिणे म्हणजे माझ्यापुरते उत्तरपत्रिकेच्या कडेला लाल शाईने दोन शब्द लिहिणे, एवढेच होते. गेल्या वर्षी घसा कायमचा बसला. डॉक्टरांनी बोलणे कमी करा असे बजावले, म्हणून मुदतीआधीच निवृत्ती घेतली. बोलणे थांबल्यावर मनात वाक्ये साचू लागली. त्यांतली काही येथे उतरवते आहे. ती सुबक नसतील. शिवाय विषय इतका घरगुती आहे की एखाद्याला वाटेल, हे शेजारणीला सांगायचे सोडून छापायला कशाला दिले. तर ज्यांना सांगितले असते त्या वहिनी आता दुसरीकडे राहायला गेल्या आहेत.

आम्ही काळाचौकीला एका चाळीत राहतो. दुसरा मजला, दोन खोल्या आणि बाहेर लांब सामाईक गॅलरी. घरात आम्ही चौघे आहोत. माझे यजमान शाळेत चित्रकला शिकवत, ते नुकतेच निवृत्त झाले. मुलगी पदवीच्या शेवटच्या वर्षाला आहे. माझ्या सासूबाईंना मी आईच म्हणते. त्यांनी पंचाहत्तरी केव्हाच ओलांडली आहे. चौथी मी.

चाळ पाडून तेथे उंच इमारत व्हायची आहे. या गोष्टीच्या सभा इतकी वर्षे चालल्या की त्यांतला उत्साह आणि भांडण दोन्ही संपून गेले. शेवटच्या सभेत तर कुणी आवाजही चढवला नाही. सह्या झाल्या, चहा झाला, खुर्च्या आपापल्या घरी गेल्या. आता काही महिन्यांत सर्वांनी खोल्या रिकाम्या करायच्या, तीन-चार वर्षे दुसरीकडे काढायची आणि मग नव्या इमारतीत परतायचे, असे ठरले आहे. दुसरीकडे म्हणजे कुठे, हे ज्याचे त्याने पाहायचे. आमचा प्रश्न तेथे सुरू झाला, आणि तो सारा आईंभोवती फिरत राहिला.

आईंना काचबिंदू आहे. कडेचे सारे हळूहळू विझत गेले. आता त्यांना नळीतून पाहावे तसे समोरचे तेवढे दिसते, तेही उजेड असला तर. तरी चाळीत त्यांचे काही अडत नाही. सकाळी दूध आले की आमचे दार उघडते आणि रात्रीची जेवणे आटोपेपर्यंत ते उघडेच असते. सगळ्यांचेच तसे. उंबरठ्याच्या आत, दाराच्या डाव्या अंगाला आईंची वेताची खुर्ची असते. त्या तेथे बसून भाजी निवडतात, जप करतात, डुलकी काढतात. गॅलरीतून जाणारा प्रत्येक माणूस त्यांना पावलांवरून कळतो, आणि जाणाराही एक शब्द टाकल्यावाचून जात नाही. समोरच्या खोलीतल्या मालवणी वहिनी नळावरून येताना विचारत, "जेवलंस काय गो मावशे?" म्हणजे दुपारचा एक वाजला. शाळेची मुले धावत गेली की साडेपाच. कोपऱ्यातले काका कामावरून येत आणि म्हणत, "मावशी, आज काय शिजवलंय सूनबाईंनी, वास नाही येत." आई म्हणत, "तुला वास आला की भांडं घेऊन येतोस, म्हणून झाकून ठेवलंय." त्यांचा दिवस असा दारातून जात असे.

भरदिवसा दार लावलेले असले तर मात्र आमच्याकडे माणसे थांबतात. कडी वाजवतात. "बरं आहे ना?" एवढेच विचारतात आणि पुढे जातात. मी लग्न होऊन आले तेव्हा दुपारी दार लावून वाचत बसले होते, तर तासाभरात तीन बायका विचारून गेल्या. मला तेव्हा त्याचा राग आला होता. पुढे मीही कडी वाजवू लागले.

पहिली जागा आम्ही चिंचपोकळीला पाहिली. स्टेशनपासून चालत जाण्याजोगी, चौदाव्या मजल्यावरची, स्वच्छ, हवेशीर. मुलीला कॉलेज सोपे, आईंचे डॉक्टर जवळ. आईंनाही बरोबर नेले होते. लिफ्टमधून बाहेर पडल्यावर एक लांब बोळ होता, दोन्ही बाजूंना बंद दारे, प्रत्येकापुढे चपलांचे कपाट. आई मध्येच उभ्या राहिल्या.

"इथे राहायला कोणी आलेलं नाही का अजून?"

"सगळे राहतात, आजी," मुलगी म्हणाली. "भरलेली बिल्डिंग आहे."

"मग आवाज कसा नाही?"

जागेचे दार आमच्यामागे आपोआप लागले, त्याचा खट्ट असा आवाज झाला. आईंनी हात लावून कुलूप चाचपले. "हे आपलं आपण लागतं? मग मी बाहेर गेले आणि लागलं तर?"

"तुझ्या गळ्यात किल्ली बांधू, आजी. आणि एक घंटापण. म्हणजे मजल्यावर सगळ्यांना कळेल."

"बांध बाई. मांजरीचं तेवढं तरी कौतुक करतात लोक."

हसून आम्ही परत आलो. त्या जागेला नकार दिला नाही आणि होकारही दिला नाही.

त्याच सुमाराला यजमानांच्या एका मित्राचा फोन आला. दोघे कलाशाळेत एकत्र शिकले. मित्राने शहर केव्हाच सोडले होते आणि सह्याद्रीच्या पायथ्याशी एका लहान गावात घर बांधले होते. आता तो काही वर्षांसाठी परदेशी मुलीकडे चालला होता. घर बंद ठेवण्यापेक्षा कुणी राहावे, आणि जो राहील त्याने तेथे चित्रे काढावीत, अशी त्याची इच्छा होती. वरच्या मजल्यावर उत्तरेकडच्या उजेडाची मोठी खोली आहे, हे त्याने दोनदा सांगितले. फोन ठेवल्यावर यजमानांनी ते मला पुन्हा सांगितले.

त्यांच्याविषयी येथे थोडे सांगणे भाग आहे. नोकरी सांभाळून त्यांनी आयुष्यभर चित्रे काढली ती आमच्या पोटमाळ्यावर. तेथे ताठ उभे राहता येत नाही. वर जायला छताला एक चौकोनी भोक आहे आणि शिडी. त्या भोकातून खाली उतरेल एवढाच कॅनव्हास त्यांनी नेहमी घेतला. त्यांची सगळी चित्रे एका मापाची का, असे एकदा एका प्रदर्शनात कुणी विचारले. यांनी काहीतरी शैलीचे कारण सांगितले आणि घरी येऊन हसत राहिले. निवृत्तीनंतर हसणे कमी झाले. मान दुखते म्हणून वर जाणेही कमी झाले. ते गॅलरीत पेपर घेऊन बसत आणि तेच पान बराच वेळ धरून ठेवत.

त्या गावाचे नाव मी लिहीत नाही. तेथल्या लोकांना ते आवडणार नाही. पूर्वी ते कुंभारांचे गाव होते. मग चित्रकार आले, मागोमाग नाटकवाले, सतार बनवणारा एक माणूस, जुन्या पुस्तकांचे दुकान, त्यात कॉफी. किराणा दुकानात तूरडाळीच्या पोत्याशेजारी ब्रश टांगलेले असतात. न्हाव्याच्या भिंतीवर आरशाच्या वर एक छापचित्र आहे, खरेखुरे, सही केलेले. शनिवारी-रविवारी पुण्या-मुंबईची माणसे ते सारे पाहायला येतात.

मुलीने ते गाव फोनवर पाहिले होते. "छान आहे. पण सगळं गावच फोटोला उभं राहिल्यासारखं दिसतं, आई. मी हॉस्टेलला राहीन, माझं सोडा. आजीला कोणी विचारलंय का?"

विचारले होते. आईंनी एका वाक्यात उत्तर दिले होते: "न्याल तिथे येईन." हे उत्तर नव्हे, एवढे मला कळत होते, पण त्यापलीकडे त्या जात नव्हत्या. शेवटी असे ठरले, की मित्र जाण्यापूर्वी आठवडाभर सर्वांनी तेथे राहून पाहावे. दिवाळी होऊन गेली होती, मुलीला सुट्टी होती. आम्ही शुक्रवारी संध्याकाळी एक मोठी गाडी ठरवून निघालो. डबे, औषधे, आईंची गोधडी आणि खुर्ची हे सारे बरोबर घेतले. मित्र तो आठवडा पुण्याला जाऊन राहिला, घर आमच्यावर सोडून.

शनिवारी सकाळी उठलो आणि, सवयीने, दूध घेताना उघडलेले दार उघडेच ठेवले. आईंची खुर्ची उंबरठ्याच्या आत डावीकडे ठेवली. गोधडीला प्रवासात तेलाचा डाग लागला होता, ती धुऊन ओसरीच्या कठड्यावर वाळत टाकली. यजमानांनी वरच्या खोलीत जागा करण्यासाठी मित्राचे चार कोरे आणि दोन अर्धे कॅनव्हास खाली आणून भिंतीला टेकवले. आई मेथी निवडायला बसल्या. आमचे काही चुकते आहे, असे आम्हांला वाटण्याचे कारण नव्हते.

थोड्या वेळाने फाटक वाजले. पाठीला पिशव्या लावलेल्या दोन तरुणी आणि त्यांच्यासोबत एक तरुण दारात उभे होते.

"कोण?" आईंनी विचारले.

"आम्ही बघायला आलोय. येऊ का आत?"

"बघायला?" आईंनी क्षणभर विचार केला. "माझी नात अजून शिकतेय."

आतून मुलगी ओरडली, "आजी, गप्प बस गं." तोवर आई म्हणाल्या होत्या, "आलाच आहात तर या. चपला बाहेर काढा."

तिघे आत आले. अर्ध्या चित्रांपुढे मान तिरकी करून उभे राहिले, आईंच्या मेथीपुढेही तेवढ्याच आदराने उभे राहिले. त्यांच्यामागे एक जोडपे आले, मग आणखी काही जण. मी संकोची स्वभावाची. परक्या माणसांना घराबाहेर काढायचे कसे, हे मला कधी जमलेले नाही. मी पाणी आणून दिले. एका गृहस्थांनी पेला घेता घेता आईंकडे पाहून मला हळूच विचारले, "यांचं काम कशात आहे?"

मी गोंधळले आणि खरे तेच सांगितले. "आज मेथीत आहे."

त्यांनी गंभीरपणे मान हलवली.

एका बाईंना गोधडी आवडली. त्यांनी शिवण बोटाने तपासली आणि आईंना विचारले, "आजी, ही विकायची आहे का?"

"ती ओली आहे अजून."

"नाही, म्हणजे वाळल्यावर."

"वाळल्यावर मी पांघरते."

आईंना हा दिवस फार आवडला, हे मला नोंदवले पाहिजे. अनोळखी पावले येत होती. प्रत्येकाला त्या कुठले, कोण, जेवलात का, असे विचारत होत्या. दोघांना त्यांनी माझ्याकडून चहा करवून घेतला. एकाने किती द्यायचे असे विचारले, तेव्हा म्हणाल्या, "हॉटेल वाटलं होय रे तुला? तोंड धुऊन आलायस ना, मग पी." चाळ रिकामी होऊ लागल्यापासून त्यांचा असा आवाज मी ऐकला नव्हता. यजमान वरून दोनदा खाली आले, लोक पाहून परत वर गेले. दुसऱ्यांदा जाताना त्यांच्या हाताला रंग होता.

संध्याकाळी शेजारच्या घरातल्या बाई आल्या. त्या मातीची भांडी करतात. स्वतःही मुंबई सोडून आलेल्या. 

"ताई, एक सांगू का? इथे शनिवार-रविवारी दार उघडं ठेवलं, म्हणजे आमचं काम बघायला या, असं लोक समजतात. ज्यांना नको असतं ते लावून घेतात. तुम्हाला कोणी सांगितलं नसेल. दिवसभर त्रास झाला असणार."

यजमान जिन्यावर बसून इतके हसले की त्यांना खोकला लागला. मुलगी म्हणाली, "म्हणजे आजीचं प्रदर्शन झालं." मी ओशाळून त्या बाईंची माफी मागत होते. आई मात्र शांतपणे म्हणाल्या, "मग उद्या पण उघडं ठेवा."

रविवारीही तसेच झाले. दार उघडे होते, माणसे येत होती. रविवारच्या रात्री जेवताना यजमान म्हणाले, "आईला करमतंय इथे." त्या वेळी मला ते खरे वाटले, आणि मनावरचे ओझे उतरल्यासारखे झाले. मी थकले होते. आणखी जागा पाहण्याची, आणखी एकदा तेच बोलण्याची शक्ती माझ्यात उरली नव्हती, आणि येथे उत्तर आपणहून चालत आले होते.

सोमवारी सकाळी आई न्हाऊन, वेणी घालून खुर्चीवर बसल्या. दार उघडे होते. गल्लीतून कुणी गेले नाही. दूधवाला येऊन गेला होता. पाहुणे आपापल्या शहरांत परतले होते आणि गावातली माणसे आपापल्या दारांमागे कामाला लागली होती. तेथे आठवडाभर सारे काम करतात, आणि एकमेकांच्या कामाची शांतता जपतात. ही त्यांची चांगली रीत आहे. मला स्वतःला ती मनापासून आवडली. मी ओसरीवर पुस्तक घेऊन बसले आणि कितीतरी पाने वाचली. वरून यजमानांच्या गुणगुणण्याचा आवाज येत होता. वीसेक वर्षांत ते गुणगुणलेले मला आठवत नाही.

दुपारी मी स्वयंपाकघरात असताना आई खुर्चीवर नव्हत्या. मी धावत बाहेर आले. कुंपणाच्या भिंतीला हात लावत लावत त्या शेजारच्या दारापर्यंत गेल्या होत्या आणि कडी वाजवत होत्या. दार उघडले. बाईंचे हात कोपरापर्यंत मातीने भरलेले होते.

"काय झालं आजी? काही हवंय?"

"काही नको गं. बरं आहे ना, विचारायला आले. सकाळपासून दार लावलेलं आहे तुझं."

बाई हसल्या. त्यांच्या हसण्यात काही खोट नव्हती. "बरी आहे, आजी. चाकावर काम चालू आहे. संध्याकाळी येऊ का मी तुमच्याकडे?"

"ये की. काम टाकून नको येऊस."

मी आईंना हात धरून परत आणले. त्या पुन्हा खुर्चीवर बसल्या. संध्याकाळी बाई आल्या, थोडा वेळ बसल्या, आपुलकीने बोलल्या. पण मंगळवारी त्यांचे दार पुन्हा लागलेलेच होते, आणि आई उठल्या नाहीत. भरदिवसा लागलेल्या दारांच्या गल्लीत माणसाने काय करायचे, हे त्यांना कळेनासे झाले असावे. त्या दिवशी त्यांनी मला दोनदा विचारले, "आज वार कोणता?" चाळीत त्यांनी हे कधी विचारलेले मला आठवत नाही.

बुधवारी मी वाण्याकडून परतत होते. चपला मऊ होत्या, वाटेवर माती होती, पावले वाजली नसावीत. फाटकापाशी आले तेव्हा आई दाराकडे तोंड करून बोलत होत्या. "कोण? ये की आत. बाहेर का उभा?" शेजारच्या अंगणात वाळत घातलेली चादर वाऱ्याने फडफडत होती, त्याखेरीज तेथे काही नव्हते. मी फाटक मुद्दाम जोरात वाजवले.

"तू होय," आई म्हणाल्या. "मला वाटलंच, तूच असशील."

मी पिशवी ठेवली आणि त्यांच्या पायाशी बसून शेंगा सोलू लागले. घशामुळे मी तशीही फार बोलत नाही. घरात माझे गप्प बसणे आता कुणाला खटकत नाही. त्याची सोय होते कधी कधी.

त्या रात्री आईंनी चाळीतल्या वहिनींना फोन लावून घेतला. मी शेजारीच होते. "गाव चांगलं आहे हो," आई सांगत होत्या. "माणसं येतात-जातात. मुलगा चित्रं काढतोय, मोठी मोठी. नाही हो, एकटं कसलं वाटतंय." यजमान दाराशी उभे होते. आपल्याला ऐकू यावे म्हणून आई मोठ्याने बोलत आहेत, हे त्यांना कळले होते की नाही, मला सांगता येणार नाही.

परतीच्या वाटेवर गाडीत मुलगी आणि आई झोपल्या होत्या. यजमान बाहेर पाहत म्हणाले, "तू ठरव."

"मी का?"

"मी ठरवलं तर मी माझ्यासाठीच ठरवेन. मला आता धीर नाही तो. आठवडाभरात मी एवढं चित्र काढलं," त्यांनी दोन्ही हात पसरले, मग गाडीत जागा नाही म्हणून आवरते घेतले. "अजून अपुरं आहे. पण मी काढलं."

"पाहिलं मी."

"आई खरंच बरी होती का गं तिथे?"

शनिवारी-रविवारी होत्या, असे मी सांगितले. त्यांनी पुढे विचारले नाही. विचारले असते तर मी सारे सांगितले असते, की नसते, याचा मी नंतर पुष्कळ विचार केला आहे.

काळाचौकीला पोहोचलो तेव्हा जिन्यावर सामान उतरवून ठेवलेले होते. वहिनींचे होते ते. आम्ही नसताना त्यांना जागा मिळाली होती आणि त्या निघाल्या होत्या. आईंचे दोन्ही हात हातात घेऊन त्या म्हणाल्या, "शीव कोळीवाड्याकडे गावली गो मावशे. येतलंय मी भेटूक. तू बरी रव." कोपऱ्यातले काका मुलाकडे गेले होते. गॅलरीत एका रांगेत कुलपे दिसत होती. आईंनी नेहमीप्रमाणे दार उघडे ठेवायला सांगितले आणि खुर्चीवर बसल्या. दुपारी एकचा सुमार झाला, तो गेला. साडेपाचला पावले वाजली नाहीत, कारण शाळेच्या मुलांची कुटुंबे डोंबिवलीला, कुठे कुठे राहायला गेली होती. कुलूप लावलेल्या दाराची कडी तर वाजवता येत नाही.

आपण कशाची तुलना कशाशी करत होतो, हे मला तेव्हा उमगले. मनात मी त्या गावाला आमच्या चाळीशेजारी ठेवून पाहत होते, आणि चाळ तर संपली होती. इमारत उभी होती इतकेच. तीन-चार वर्षांनी जी नवी होईल तिच्यातही चिंचपोकळीसारखाच बोळ असणार, आपोआप लागणारी कुलपे असणार. वहिनी परत येतील. पण त्या आठव्या मजल्यावर असतील आणि आम्ही एकविसाव्यावर. आईंचे वय पाहता तोवर... ते वाक्य मी पुरे करत नाही.

म्हणजे निर्णय सोपा झाला असे वाटावे. कुठेही गेले तरी दार लागलेलेच, तर मग निदान एकाला तरी उजेडाची खोली मिळावी. असा हिशेब मी मनात अनेकदा मांडला. प्रत्येक वेळी वाऱ्याने फडफडणाऱ्या चादरीशी बोलणाऱ्या आई मध्ये आल्या. चिंचपोकळीला निदान मी त्यांना रोज लिफ्टने खाली नेईन, ओळखीच्या रस्त्यावर; भाजीवाला त्यांच्याशी बोलेल, आमची जुनी माणसे अधूनमधून भेटतील. त्या गावात त्या आणि मी आणि पाच दिवसांची शांतता. यजमान मात्र चिंचपोकळीच्या त्या स्वच्छ खोलीत पेपरचे तेच पान धरून बसतील. याचीही मला खात्री आहे.

गेल्या आठवड्यात एकदा मी आईंच्या केसांना तेल लावत होते. घरात दोघीच होतो. मी काही विचारले नव्हते. आई आपणहून म्हणाल्या,

"त्याला नाही म्हणू नकोस."

"कशाला, आई?"

"उगाच वेड पांघरू नकोस. तू त्या चादरीच्या दिवशी आलीस तेव्हा फाटक मुद्दाम वाजवलंस, ते कळलं मला. मी आंधळी होतेय, बहिरी नाही."

माझा हात थांबला. त्या म्हणाल्या, "थांबू नकोस, लाव. हे बघ, माझं आता काय. शनिवार-रविवार माणसं येतात ना तिथे? दोन दिवस माणसं, पाच दिवस मी बसून राहीन. इथे तर सातही दिवस कोण येतंय आता? मला पुरेल तेवढं. खरंच पुरेल."

"आणि नाही पुरलं तर?"

"तर सांगेन तुला."

त्या सांगणार नाहीत. लग्न झाल्यापासून मी त्यांना ओळखते. स्वतःला काही कमी पडले असे त्यांनी आजवर कधी सांगितलेले नाही. पण त्यांच्या आवाजात त्या दिवशी काही निराळेही होते. त्या शनिवारी पाहुण्यांना चहा पाजताना होता तसा थोडासा हट्ट होता. कदाचित त्यांना खरेच तेवढे हवे असेल, आणि त्यांच्या वतीने नको म्हणून मीच त्यांचे ते दोन दिवस काढून घेत असेन. किंवा त्या मुलासाठी स्वतःला बाजूला सारत असतील, आणि मी थकलेली आहे म्हणून मला ते खरे मानणे सोयीचे वाटत असेल. यांपैकी काय, हे मला आठवडाभर ठरवता आलेले नाही. मित्राला रविवारी कळवायचे आहे. यजमान काही विचारत नाहीत. काल त्यांनी पोटमाळ्यावरचे रंग उतरवून पुसून ठेवले, आणि मग, कुणी पाहत नाही असे समजून, पुन्हा वर नेऊन ठेवले.

इतके लांबवल्याबद्दल पुन्हा क्षमा मागते, आणि ज्यांच्या घरी अशी म्हातारी माणसे आहेत त्यांना विचारते: माझ्या जागी तुम्ही असता, तर आईंचे ते "पुरेल" तुम्ही खरे मानले असते का?